पट्टेवाल्याने पदवी कुठून आणायची?

रेकॉर्डरूमवाला
परवा इथे एका लिपिक भावाने लिहिलं: ‘कोर्टातल्या सातवी-दहावीवाल्या पट्टेवाल्यांना, म्हणजे शिपायांना, नुसत्या ज्येष्ठतेवर लिपिक करायचं, तर आम्ही पदवी घेऊन परीक्षा कशाला दिल्या? कोर्ट म्हणजे धर्मशाळा नव्हे.’ खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लांबण.

मी १९९१ साली दहावीवर शिपाई लागलो. कोर्ट कुठलं ते सांगत नाही, खिडकीतून खाडी दिसायची एवढं पुरे. पहिली तीन वर्षं पुकारा, पाणी आणि साहेबांच्या बंगल्यावरचं दूध. मग रेकॉर्ड रूम. आपल्याकडच्या पावसात भिंत घाम फोडते, म्हणून मांडण्या वीतभर पुढे ओढायच्या आणि बस्ते, म्हणजे कागदांची बांधलेली गाठोडी, महिन्याला खालचे वर करायचे, हे मला एका हमालतात्यांनी शिकवलं. तात्या सातवी. मोडी घडाघडा वाचायचे. खोतीच्या, म्हणजे खोतांच्या जमीन-वसुलीच्या वतनाच्या, जुन्या दाव्यात वकील लोक कागद घेऊन साहेबांकडे जायच्या आधी त्यांच्याकडे यायचे.

लिपिक रजेवर गेला की रोजनामा, म्हणजे दाव्याच्या कामाची रोजची नोंद, मी लिहायचो, सही त्याची. नकला मी करायचो, शिक्का दुसरा मारायचा. तेव्हा शिक्षण कोणी विचारलं नाही. पदोन्नतीची यादी निघाली तेव्हा विचारलं. टायपिंग मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०, दोन्ही पास होतो, पोरांच्या शेजारी बसून केलेलं. पदवी नाही म्हणून नाव गळालं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. होईस्तोवर सात वर्षं गेली, आणि माझ्या मागून आलेले दोघे माझे वरिष्ठ झाले.

परीक्षा घ्या ना! रोजनामा लिहायला लावा, नक्कल करायला लावा, घड्याळ लावून टाइप करायला लावा. नापास झाला तर पुन्हा पट्टा घालील. पण परीक्षेच्या दारातच अडवू नका.

टायपिंग४०
तो लिपिक भाऊ मीच. दादा, १९९१ ची गोष्ट भावूक आहे, पण आज चालत नाही. २०२३ ची जाहिरात बघा: कनिष्ठ लिपिकाला पदवी आणि दोन्ही टायपिंग, शिपाई-हमालाला सातवी. मी चार वर्षं पुण्यात खोली घेऊन अभ्यास केला, एक वेळ वडापाववर. आता सगळं संगणकावर आहे. एक नोंद चुकली की पक्षकार भलत्याच तारखेला राजापुरातून उठून येतो आणि शिव्या मला घालतो. तात्यांनी बस्ते छान ठेवले, मान्य. पण बस्ते ठेवणं म्हणजे लिपिकी नव्हे. आणि मुक्त विद्यापीठाची पदवी कशी मिळते ते आपण सगळे जाणतो.

रेकॉर्डरूमवाला
काय जाणता? सांगा की. रत्नागिरीला केंद्रावर रविवारी तास असायचे, शनिवारी रात्रीची एसटी पकडून जायचो. तुमच्या वडापावाचं कौतुक, आमच्या एसटीचं हसू?

वकीलताई, चिपळूण
दोघांनी जरा पाणी प्या. कायदा टायपिंगरावांच्या बाजूला झुकतो, पण त्यांना वाटतो तेवढा नाही. त्रिलोकीनाथ खोसा, १९७४ च्या एआयआर या निकालसंग्रहातला सुप्रीम कोर्टाचा पहिल्याच पानावरचा निकाल. जम्मू-काश्मीरचे अभियंते, पदविकावाले आणि पदवीवाले एकाच संवर्गात, वरच्या पदाला मात्र फक्त पदवीवाले. कोर्टाने ते चालवून घेतलं. त्याआधी म्हैसूरच्या ट्रेसरांत, म्हणजे नकाशे उतरवणाऱ्यांत, मॅट्रिक आणि बिगरमॅट्रिक असा पगारातला फरकही चालवून घेतला होता.

पण नंतर शुजात अलीच्या प्रकरणात न्या. भगवतींनी बजावलं की शिक्षणावरून केलेली प्रत्येक वर्गवारी आपोआप वैध ठरत नाही, तिचा हेतू काय आणि शिक्षणातला फरक किती, ते बघावं लागतं. दादांची केस तिथे बसते. पदोन्नती हा हक्क नाही, विचार होण्याचा हक्क आहे. ‘जागा जुनी तर नियमही जुनाच’, म्हणजे नियम बदलण्याआधी रिकामी झालेली जागा जुन्या नियमानेच भरायची, हे १९८३ च्या रंगय्या निकालावरचं समाधानही आता विसरा, २०२२ मध्ये राजकुमार प्रकरणात तो निकाल उलटवला.

बेलिफ, मालवण
माका तेवीस वर्षांत कोणी पदवी इचारूक नाय. डोंगार चढान समन्स लावतंय, कुत्रो चावलो तरी पण इचारूक नाय. पदोन्नती इली काय सगळ्यांका माझी दहावी आठवता.

टायपिंग४०
काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजूही बघा. माझ्याबरोबर शिपायाच्या परीक्षेला एम.कॉम. झालेली पोरं होती. ती पदवी घेऊन शिपाई लागणार आणि उद्या पदोन्नतीत पुढे जाणार. खरा सातवीवाला तेव्हाही मागेच. त्यांना अडवणार कोण?

वकीलताई, चिपळूण
अडवता येतं. २०२० मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या शिपायाचं प्रकरण झालं. जाहिरातीत पदवीधर चालणार नाही असं होतं, त्याने पदवी लपवली, सुप्रीम कोर्टाने बँकेची बाजू घेतली. पण जाहिरातीत तसं लिहिलेलं हवं. ‘किमान सातवी’ लिहिलं तर एम.कॉम. येणारच.

कलमबाग
मोडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या वाटपाच्या दाव्यात पणजोबांचा मोडी कागद होता. वाचायला प्रमाणपत्रवाला माणूस आणला, पानागणिक पैसे घेतले. कागदात ‘वरील बाजूची कलमे’ असं होतं. त्याने ‘कलमे’ म्हणजे वर लिहिलेले मुद्दे धरले! अहो, ती हापूसची कलमं होती. बाग चुलत्यांच्या नावे गेली, अजून अपील चालू आहे. पदवी, प्रमाणपत्र, सगळं होतं हो त्याच्याकडे.

दापोलीचा मास्तर
हे होणारच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, शब्द तोडलेले नसतात, हात उचलायचाच नाही अशी लिहिण्याची रीत. अक्षर ओळखणं वेगळं, मजकूर कळणं वेगळं. कोकणातला कागद वाचणाऱ्याला बाठीपासून उगवलेला रायवळ आंबा आणि बांधलेलं कलम यांतला फरक माहीत हवा.

मुंबईचा चाकरमानी
खोती जाऊन किती वर्षं झाली? १९४९ चा कायदा. अजून कागद काय उकरता?

कलमबाग
तुम्ही गणपतीला पाच दिवस येता, म्हणून उकरावे लागत नाहीत तुम्हाला. तुमच्याही सातबाऱ्यावर किती नावं आहेत ती बघा एकदा.

दापोलीचा मास्तर
आणि कायद्याने खोती गेली, दावे नाही गेले. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, त्यानंतर बारा वर्षांनी कायदा आला. त्यातलं गुंतागुंतीचं लिखाण आजही बस्त्यांत पडून आहे. सरकारी जुने कागद सांभाळणारे पुराभिलेखवाले मोडीचे वर्ग घेतात, पण किती जण टिकतात?

टायपिंग४०
धागा पदोन्नतीचा आहे, आंब्याचा नव्हे. तात्यांना मोडी येत होती म्हणून सगळ्या शिपायांना लिपिक करायचं का?

रेकॉर्डरूमवाला
सगळ्यांना करा असं मी कुठे लिहिलं? परीक्षा घ्या म्हटलं. वाचता येतं ना तुम्हाला? पदवी तर आहे.

टायपिंग४०
बरं, येतं. खात्यांतर्गत परीक्षा कडक असेल, टायपिंगला सूट नसेल आणि सरळसेवेच्या, म्हणजे बाहेरून थेट भरतीच्या, जागांना हात लागणार नसेल, तर माझी हरकत नाही. तीनही अटी. आणि हे मी तुमच्या एसटीवर दया करून म्हणत नाहीये.

वकीलताई, चिपळूण
ही मागणी आधी कोर्टाच्या आस्थापनेकडे लेखी द्या. नाहीच ऐकलं तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं काम हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. फक्त आंबा घाट पावसाळ्यात उघडा हवा.

बेलिफ, मालवण
माझी निवृत्ती फुडच्या वर्सा. नोटीस लावूची असली तर माका बोलवा, फुकट लावतंय.

टायपिंग४०
दादा, एक विचारायचं होतं, वेगळं. तात्या असतात का अजून? आमच्या घरीही एक मोडी कागद आहे, आजोबा उघडू देत नव्हते.

रेकॉर्डरूमवाला
असतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, फोटोवरून जमत नाही, कागद हातात द्यावा लागतो. मे महिन्यात घेऊन या, कोकण रेल्वेचं तिकीट मिळालं तर. आणि त्यांच्यापुढे पदवीचा विषय काढू नका, चहा मिळणार नाही.