काचेचं छप्पर असलेल्या गाडीवर व्हीएचएफ अँटेना कुठे बसवायचा?

देवगड_व्हीएचएफ:
नमस्कार मंडळी. हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स हातात आलंय, गाडीत बसवायचा ५० वॅटचा व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा) रिग, म्हणजे रेडिओ संचही घेतलाय. अडलंय ते गाडीपाशी. नवीन कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, छपराचा बराचसा भाग सनरूफची काच. भोक पाडलं तर वॉरंटीवर पाणी सोडा, असं सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो. मागे शार्क फिन (माशाच्या परासारखा, गाडीसोबत आलेला अँटेना) आहे, त्यालाच जोडलं तर? येणंजाणं बहुतेक फोंडा घाटातून राधानगरीमार्गे कोल्हापूर.

खाडीपल्याड:
शार्क फिनला अजिबात जोडू नका. त्यात रेडिओ ऐकण्यापुरता छोटा अॅम्प्लिफायर असतो. ५० वॅट सोडलेत की तो गेलाच, आणि रिगचंही काही खरं नाही.

जांभ्याची_खाण:
आधी फ्रिजवरचो चुंबक घेवन गाडीभोवती फिर. खंय चिकटता, खंय नाय ता कळात.

आता नीट सांगतो. हल्ली काही गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं, डिकीचा दरवाजा प्लास्टिकचा. तिथे मॅग्नेट माउंट (अँटेनाचं चुंबकाने चिकटणारं बूड) बसणारच नाही. काचेमागे छपराचा पत्रा हातभर उरला असेल तर मॅग्नेट तिथे ठेव. अँटेनाच्या बुडाशी चारी बाजूंनी पत्रा हवा, कारण अर्धं काम तोच करतो. पण आपल्याकडे मॅग्नेट महिनोन्‌महिने तसाच ठेवू नये. खारा वारा आणि जांभ्याची धूळ खाली अडकते, रंग घासला जातो आणि मग गंज. उचलायचा, दोन्हीकडे पुसायचं, परत ठेवायचा. पावसाळ्यात तर हे चुकवूच नकोस.

डिकीचा दरवाजा लोखंडी निघाला तर माझं मत लिप माउंटला. दरवाजाच्या काठाला चिमटा बसतो, भोक लागत नाही. त्याचे बारीक स्क्रू मात्र रंग फोडून पत्र्याला टेकले पाहिजेत, नाहीतर अर्थिंग मिळत नाही. म्हणजे गंजाला आपणच दार उघडून देतो, म्हणून वरून ग्रीस फासायचं. दरवाजा आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी टाक. बिजागरीच्या भरवशावर राहू नकोस.

अँटेना साधा क्वार्टर वेव्ह (लहरीच्या पाव लांबीचा) घे, १४५ मेगाहर्ट्‌झला साधारण ४९ सेंटिमीटर. लहरीच्या पाच-अष्टमांश लांबीचा घेऊन मिरवायची हौस सगळ्यांना असते. मोकळ्या सपाटीवर तो चांगला, पण घाटात समोर डोंगर उभा असताना क्वार्टर वेव्हचा वर जाणारा सिग्नल बरेचदा जास्त कामी येतो. शिवाय वाडीतल्या अरुंद रस्त्यावर आंब्याची फांदी त्याच्या सव्वा मीटरच्या काठीला सोडत नाही.

देवगड_व्हीएचएफ:
धन्यवाद काका, चुंबक डिकीला चिकटला! केबल आत कशी घेऊ? आणि रिगला करंट सिगारेट लायटरमधून चालेल?

जांभ्याची_खाण:
केबल डिकीच्या रबराखालून. आत शिरण्याआधी खाली एक झोल ठेव, पाणी तिथून गळून जातं. बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळ. पडद्यासारख्या एअरबॅग असलेल्या खांबांच्या आतून केबल नेऊ नकोस. एअरबॅग उघडताना मध्ये वायर आली तर जिवावर बेतेल.

लायटर नको. ५० वॅटला रिग १० अँपिअरच्या आसपास ओढतो, लायटरचा फ्यूज त्याच बेताचा असतो. पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून घे, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, म्हणून निगेटिव्ह टर्मिनलला न जोडता बॉडीच्या अर्थिंगला.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते सांगणारा आकडा) डिकी बंद करून, मोकळ्यावर मोज. लोखंडी गेटाजवळ मोजलास तर आकडा फसवेल. सर्वांत कमी आकडा १४५ मेगाहर्ट्‌झच्या खाली येत असेल तर काठी लांब आहे. काप, पण मिलिमीटरने.

खाडीपल्याड:
रिगमध्ये खरखर आली तर आधी मोबाइलचा यूएसबी चार्जर काढून बघा. बरेचदा चोर तोच.

देवगड_व्हीएचएफ:
आणि घाटाखालून व्हीएचएफ पोचलाच नाही तर? ७ मेगाहर्ट्‌झची काठीपण गाडीवरच लावू का?

जांभ्याची_खाण:
७ ला क्वार्टर वेव्ह म्हणजे १० मीटर, गाडीवर येते ती कॉइल घालून आखूड केलेली. चालते, पण बरीचशी ताकद कॉइल आणि जमिनीत जाते. त्यापेक्षा डिकीत १०-१० मीटरच्या दोन वायरी आणि दोरी ठेव. निसर्ग वादळानंतर फोन कसे बंद पडले होते ते आठव. अशा वेळी गाडी चालवत बोलायचं नसतंच. केबल जोडलेला दोन वायरींचा मधला भाग माडावर चढव, दोन टोकं खाली ताण. मात्र वरून विजेची तार जात नाही ना, ते आधी बघ.