सांध्यात इपॉक्सी: सोय की आळस?

रंधा-पटाशी: खुर्चीचा पाय हलायला लागला की हल्ली एकच सल्ला ऐकू येतो, इपॉक्सी भर, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा गोंद. मला हे पटत नाही. कुसू, म्हणजे खाचेत बसवायला तासलेलं लाकडाचं टोक, खाचेत हाताच्या दाबाने घट्ट बसत असेल, तर पांढरा गोंद आणि एक क्लॅम्प पुरतो. पुढे जोर पडला तर सांध्याआधी लाकूडच चिरतं. इपॉक्सीमुळे ढिला सांधा चालवून घ्यायची सवय लागली आहे. आणि पुढच्या दुरुस्तीचं काय? सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या गोंदाने, जोडलेली जुनी खुर्ची उष्णता आणि ओलावा दिला की उकलते. इपॉक्सीवाली कापावी लागते.

ओलं लाकूड: कापायची गरज नाही, हीट गनने तापवा, सुटते. आणि फट भरणं हा दोष कसा? पांढऱ्या गोंदातलं पाणी उडतं, तो आकसतो, म्हणून त्याला घट्ट सांधा लागतो. इपॉक्सीत उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं. रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी जुळून घट्ट होतात, म्हणून जाड थरही भरीव राहतो. मी होड्या दुरुस्त करतो. तिथे साधा पांढरा गोंद लावून बघा.

रंधा-पटाशी: तापवल्यावर सुटते म्हणता, मग तेच तर दुखणं! घरच्या तापमानाला घट्ट झालेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. गडद रंगाचं दार भर उन्हात सहज तेवढं तापतं.

ओलं लाकूड: म्हणून होडीला फिका रंग देतो. हा मुद्दा मान्य.

भुसाच भुसा: माझा अनुभव: सागाचं स्टूल इपॉक्सीने जोडलं, आठ महिन्यांत पाय हातात. भंपक प्रकार आहे.

ओलं लाकूड: साग तेलकट. जोडण्याआधी अॅसिटोनने पुसला होता? ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला होता? क्लॅम्प किती आवळला? पांढऱ्या गोंदासारखा आवळला तर रेझिन बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. लाकडाचं टोक तर रेझिन पिऊन टाकतं. तिथे आधी पातळ हात द्यायचा, मग सिलिका किंवा बारीक लाकूडपीठ घालून दाट केलेलं भरायचं.

भुसाच भुसा: पुसलं नव्हतं. क्लॅम्प मात्र करकचून. आणि हार्डनर जरा जास्त घातला होता, लवकर सुकावं म्हणून.

ओलं लाकूड: अहो, ते सुकत नाही! जास्तीच्या हार्डनरला जोडीला रेझिन उरत नाही, तो तसाच आत राहतो, सांधा मऊ. घाई असेल तर जलद हार्डनर वापरा, प्रमाण डब्यावरचंच. आणि हातमोजे घाला. एकदा त्वचेला अॅलर्जी झाली की पुढे प्रत्येक वेळी त्रास देते.

रंधा-पटाशी: बघा. पुसा, खरवडा, मोजा, पातळ हात, दाट हात, हातमोजे. एवढ्या वेळात मी पटाशीने कुसू नीट बसवला असता.

भुसाच भुसा: मला कुसू येत नाही हो, म्हणून तर इपॉक्सी आणलं.