नववीतली लेक गप्प झाली आहे, मदत हवी आहे

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर लेकीच्या पाच मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढला, हिला वगळून. मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही डब्यामुळे. रोज पोळीचा एकच घास तुटलेला. खोदून विचारल्यावर म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी बाथरूममध्ये उभी राहते." मी बोलून गेले, "एवढंच ना? दुसऱ्या मैत्रिणी कर." तेव्हापासून माझ्याशी बोलणं हो-नाहीपुरतं.

रात्री साडेबारापर्यंत टक्क जागी, सकाळी ६.४० ची व्हॅन. चित्रकलेची वही बंद (एलिमेंटरीत ए ग्रेड मिळवलेली पोरगी!). सासूबाई म्हणतात, मोबाईल काढून घे. नवरा म्हणतो, वयच तसं आहे.

सोडून द्यायचं की डॉक्टर गाठायचा? वर्गशिक्षिकांशी बोलू का? 'बोललीस तर शाळेत जाणार नाही' म्हणते.

रानमोगरा:
ताई, मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकले आहे. मानापमान टिपणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो. त्याला लगाम घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. 'सायबरबॉल' नावाचा प्रयोग आहे: संगणकावर तिघांनी चेंडू फेकायचा, मग दोघं तिसऱ्याला देणंच बंद करतात. ते दोघं खरे नसतातसुद्धा! २०१० मधल्या एका अभ्यासात मोठ्या बायकांपेक्षा ११ ते १५ वयाच्या मुलींचा मूड यात जास्त उतरला. तुमच्या लेकीच्या समोर तर खऱ्या पाचजणी आहेत.

जागरण निव्वळ मोबाईलचं नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिनच उशिरा स्रवतं. २०२४ मध्ये सरकारने शाळा नऊनंतर केल्या त्या चौथीपर्यंतच्या, ज्यांना खरी गरज ती पोरं सकाळच्या व्हॅनमध्येच! मोबाईल हिसकावू नका, रात्री घरातले सगळ्यांचेच फोन हॉलमध्ये ठेवा.

भूक, झोप, आवड तिन्ही दोन आठवड्यांवर बिघडलेलं असेल तर थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञ चालतील. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि 'मरावंसं वाटतं का' हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

धागाकर्ती:
काल दिवा मालवून विचारलं. "मरावंसं नाही, पण मधल्या सुट्टीत कुणाला दिसू नये असं वाटतं," म्हणाली आणि खूप रडली. मी आधी 'एवढंच ना'बद्दल माफी मागितली. बुधवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, यायला तयार आहे. शाळेचं मात्र अडलंय. मुलीला विश्वासात घेऊन कुणी बोललं असेल तर कसं, ते लिहा.