आधी पाणी, मग झुडपं

भाऊ, गाविलगड-नरनाळा किल्ल्यांच्या पाऊलवाटा टिकवायला उन्हाळ्यात एकदा श्रमदान करून झुडपं छाटावीत, असं तुम्ही लिहिलंत. श्रमदान हवंच. पण सातपुड्याच्या उतारावर वाट झुडपांपेक्षा पाण्यानं जास्त मरते. पावसाचं पाणी पाऊलवाटेनंच धावतं, माती घेऊन जातं, मागे नुसते दगड उरतात. मग माणसं कडेनं चालतात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. म्हणून वाटेला आडवे, पण तिरपे दगड बसवा, म्हणजे पाणी ठिकठिकाणी उताराकडे निघून जाईल. दगड निम्मा तरी जमिनीत पुरा, नाहीतर पहिल्याच झडीत उखडेल. आणि भर पावसाळ्यात जाऊन त्यामागचा गाळ काढावाच लागतो. खरी देखभाल तीच.

वाटेवर माजणारी घाणेरी (लँटाना) नुसती छाटली की दुप्पट फुटते. मूळ जमिनीच्या थोडं खाली तोडून झुडूप उलटं टाकायचं, तेही फळं पिकायच्या आधी. तो कचरा पेटवू मात्र नका. मोहफुलांच्या दिवसांत एक ठिणगीही डोंगर जाळते.

नरनाळा अभयारण्यात येतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, तेव्हा वनखात्याची लेखी परवानगी आधी, कोयता नंतर. सोबत आसपासच्या गावातली कोरकू आदिवासी मंडळी घ्या. मोहाखाली अस्वल कधी येतं, हे त्यांनाच ठाऊक. पण त्यांना मजुरी द्या. आपण हौसेनं राबतो, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो.