टावीनंतर महिन्याने पोटरी भरून येते, डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) काय शोधायचं?

प्रश्न: जांघेतून टावी (छाती न उघडता धमनीतून नळी नेऊन हृदयाची महाधमनीची झडप बदलणं) होऊन पाच आठवडे झालेत. झडप इकोवर उत्तम, जांघेची जखम भरलेली, गाठ हाताला लागत नाही. पण त्याच पायाची पोटरी शंभर पावलांत भरून येते, उभं राहिलं की सुटते. हे वयावर ढकलायचं का?

उत्तर १: नाही. एकाच पायाला आणि टावीनंतर सुरू झालंय, म्हणजे टावीसाठी जांघेच्या धमनीला पाडलेलं छिद्र आधी तपासा. १४ फ्रेंचची (फ्रेंच हे जाडीचं माप) शीथ, म्हणजे झडप आत नेायची नळी, आतूनच साधारण ४.७ मिमी, बाहेरून आणखी जाड. एवढं भोक टाक्याच्या यंत्राने आवळताना मागची भिंतही टाक्यात आली, किंवा कोलेजनचं बूच आत सरकलं, तर धमनी तिथेच अरुंद होते. कॉमन फेमोरलवर (जांघेतल्या मुख्य धमनीवर) प्रोब ठेवून छिद्रापाशी आणि त्याच्या जरा वर, दोन्हीकडे सिस्टोलिक वेग (हृदय आकुंचताना रक्ताचा सर्वाधिक वेग) मोजा. छिद्रापाशी तो वरच्या वेगाच्या दुपटीहून जास्त भरला तर अरुंदपणा ५० टक्क्यांच्या वर धरा. ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन ६० अंशांपुढे नेऊ नका, आकडे फसवतात.

उत्तर २: एबीआयही (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब) घ्या, दोन्ही पायांचा. ०.९ च्या खाली म्हणजे अडथळा. पण या वयात धमन्या चुन्याने कडक असतात, पट्टा आवळूनही दबत नाहीत. १.४ च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजा. आडवं झोपून नॉर्मल आला तर चालवून पुन्हा.

उत्तर ३: गाठ लागत नाही म्हणून स्यूडोअॅन्युरिझम (छिद्रातून झिरपलेल्या रक्ताची धमनीला जोडलेली पिशवी) सोडू नका, तो पोटाच्या घडीखाली सहज लपतो. त्याच्या मानेत (धमनीला जोडणाऱ्या अरुंद वाटेत) रक्त आत-बाहेर करताना दिसतं. २ सेमीपेक्षा लहान, न दुखणारा बरेचदा आपोआप बुजतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भरवसा कमी (गोळी परस्पर बंद करायची नाही). मान रुंद नि आखूड असेल तर थ्रॉम्बिन (पिशवीत टोचायचं रक्त गोठवणारं औषध) नको, ते मूळ धमनीत उतरून पाय धोक्यात येतो. ताप किंवा पू असेल तर थेट सर्जन. आणि दुसऱ्या जांघेतून छोटी शीथ घातली असेल तर तीही बाजू बघा, ती हमखास राहून जाते.

प्रश्नकर्ता: अरुंदपणा निघाला तर स्टेंट?

उत्तर १: तिथे शक्यतो टाळतात. पाय दुमडला की ती जागा वाकते, स्टेंट मोडू शकतो, शिवाय पुढच्या वेळी तिथून आत जायची वाट अडते. छोट्या अरुंदपणाला बलून करून बघतात. बूच आत अडकलं असेल किंवा चुन्याचा थर सुटला असेल तर धमनी उघडून साफ करायची आणि पॅच लावून शिवायची. पाय अचानक गार, पांढरा पडला तर मात्र डॉप्लरच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच तासाला इमर्जन्सी.