न्येरीचे रहिवासी म्हणजे फक्त दोन साहेब?

तिरकस (धागाकर्ता):
परवा इथे केनियातल्या न्येरी गावावर लेख आला. फोटो झकास. पण 'गावातली नामवंत मंडळी' म्हणून स्काउटचा जनक बेडन-पॉवेल आणि शिकारी-लेखक जिम कॉर्बेट यांना सहा परिच्छेद, पर्यावरणासाठी लढलेल्या वांगारी मथाईंना दोन ओळी, आणि देदान किमाथी? 'एक बंडखोर म्होरक्याही याच भागातला.' नावसुद्धा नाही! तिथे प्रतिसाद द्यायला बसलो, तो मारुतीच्या शेपटीसारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

पॉवेल न्येरीत आला तो ऐंशी ओलांडून, जानेवारी १९४१ मध्ये वारला. कॉर्बेट १९४७ च्या अखेरीस भारत सोडून निघाला आणि १९५५ ला न्येरीतच गेला. गंमत म्हणजे दोघांचं घर एकच. आउटस्पॅन हॉटेलच्या आवारातली 'पॅक्सटू' कॉटेज पॉवेलसाठी बांधलेली, नंतर तिथे कॉर्बेट आणि बहीण मॅगी. म्हणजे नामवंत दोन, पत्ता एक.

किमाथी १९२० मध्ये न्येरीजवळ जन्मला. शेजारच्या अबर्डेअरच्या जंगलातून इंग्रजांविरुद्ध माऊ माऊ या बंडखोर संघटनेचा लढा चालवला, ऑक्टोबर १९५६ मध्ये गोळी लागून सापडला. खटला न्येरीतच चालला आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये कामिटी तुरुंगात फाशी. कुठे पुरलं ते घरच्यांना सांगितलं नाही. पॉवेलच्या थडग्यावर मात्र मधे टिंब असलेलं वर्तुळ कोरलंय, स्काउटांच्या खुणांत त्याचा अर्थ 'मी घरी गेलो'. कोणाच्या घरी, एवढंच विचारायचंय.

वाघरू:
शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी बरं आहे. पण कॉर्बेटला त्या रांगेत बसवू नका. नैनितालला जन्मलेला माणूस. चंपावतच्या वाघिणीने ४३६ बळी घेतले होते, १९०७ मध्ये तिला टिपली ती त्यानेच. मी नैनितालजवळच्या कालाढुंगीला गेलोय. त्याने वसवलेल्या छोटी हल्द्वानी गावाभोवती रानडुकरं शेतात घुसू नयेत म्हणून बांधलेल्या दगडी गडग्यावर हात ठेवून उभा राहिलोय. तिथल्या एका म्हाताऱ्याने 'कारपेट साहिब' म्हणताना हात जोडले. तुमच्या पुस्तकी रागापेक्षा मला ते जोडलेले हात जास्त सांगतात.

तिरकस:
एवढा आपला होता तर १९४७ ला का गेला? स्वातंत्र्य आलं आणि साहेबाने बाडबिस्तरा बांधला, तोही थेट दुसऱ्या वसाहतीत.

वाघरू:
बहात्तर वर्षांचा अविवाहित माणूस, बरोबर म्हातारी बहीण. देशात फाळणीची कत्तल चाललेली. तुम्ही असता तर थांबला असता? माझे आजोबा त्याच सुमारास कराचीहून नेसत्या कपड्यांनिशी मुंबईत आले, त्यांनाही 'पळपुटे' म्हणणार का?

तिरकस:
आजोबांना मधे आणू नका. ते निर्वासित होते, कॉर्बेट नव्हता. त्याला न्येरीत कॉटेज मिळाली. त्याच भागातल्या किकुयू जमातीच्या लोकांना १९५४ पासून काटेरी तारांच्या आतल्या वस्त्यांत कोंबलं गेलं, दहा लाखांहून अधिक माणसं.

वाघरू:
ती तार कॉर्बेटने ओढली का? पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या.

तिरकस:
तार ओढली असं म्हटलंच नाही. नीट वाचा.

निवृत्त मास्तर:
पॉवेलबद्दल बोलतोच आहात म्हणून. आमच्या शाळेत एकवीस वर्षं स्काउट मी चालवलं. स्कार्फ, शिट्टी, दोरखंड, सगळं पदरच्या पैशांनी. वरून तपासणीला आलेले साहेब नाश्ता करून विचारायचे, 'गाठी येतात का पोरांना?' त्यांना स्वतःला बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

वाघरू:
मास्तर, मुद्दा न्येरीचा आहे.

निवृत्त मास्तर:
मुद्दा थडग्याचा निघाला म्हणून बोललो. ते वर्तुळ मी पोरांना जमिनीवर काढून दाखवायचो. त्याचा उपहास करू नये.

मांडवीकाठी:
किमाथी आठवला, पण पिओ गामा पिंटो कुणालाच नाही! नैरोबीत जन्मलेला गोंयकार. गोवामुक्तीसाठी झटला, मग केनियाच्या लढ्यात उतरला. १९५४ ला पकडून मांडा बेटावर ठेवलं, पुढे काबारनेटसारख्या आडगावी स्थानबद्ध. १९६५ मध्ये घराच्या फाटकाशी, गाडीत मुलगी असताना, गोळ्या घातल्या. तेव्हा राज्य गोऱ्यांचं नव्हतं, हेही लिहून ठेवा.

नैरोबीकर:
अकरा वर्षं तिकडे काढलीत, म्हणून दोघांनाही चार शब्द. न्येरीला गेलो तेव्हा गाडी चालवणारा तिथलाच किकुयू. मी उत्साहाने किमाथीचा विषय काढला. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'एक आजोबा जंगलात होते, दुसरे होम गार्डमध्ये.' म्हणजे इंग्रजांच्या बाजूने माऊ माऊशी लढणारे. दोघांची शेतं लागून. लग्नकार्यात आजही कोण कुठे बसणार ते आधी ठरवावं लागतं. त्यामुळे 'गावाचा नायक' ठरवणं इथे बसून सोपं आहे.

आणि एक. माऊ माऊवरची बंदी स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षं उठली नव्हती. ती २००३ मध्ये उठली, राष्ट्राध्यक्ष किबाकींच्या काळात. तेही न्येरीकडचेच, ओथायाचे. नैरोबीत किमाथीचा पुतळा बसायला २००७ उजाडलं.

तिरकस:
होम गार्डचा मुद्दा मान्य. नाइलाजाने.

वाघरू:
वा, सूर्य पश्चिमेला उगवला! बरं, मीही देतो एक. किमाथीचं नाव लेखात हवंच होतं. पण ट्रीटॉप्सचं, न्येरीजवळच्या त्या झाडावरच्या हॉटेलचं, का गाळलंत? फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ झाडावर चढली आणि राणी होऊन उतरली, त्या रात्री कॉर्बेट तिथेच होता.

तिरकस:
हो, आणि १९५४ मध्ये तेच ट्रीटॉप्स जाळलं कोणी, तेही जोडा.

आडवी वीट:
साठ प्रतिसाद बाप्यांच्या बंदुकांवर. न्येरीजवळच्या इहिथेच्या वांगारीबाईंना लेखात दोन ओळी मिळाल्या म्हणून ओरडत धागा काढलात, आणि धाग्यात तेवढ्याही नाहीत! १९८९ ला नैरोबीच्या उहुरू पार्कात साठ मजली टॉवर उठणार होता, तो या बाईने अडवला. २००४ चं शांततेचं नोबेल. २०११ ला गेल्या तेव्हा माझ्यासाठी झाड तोडू नका म्हणून सांगून ठेवलेलं, मग शवपेटी विणली बांबू, लव्हाळी आणि जलपर्णीची. आमच्या इंद्रायणीत दरवर्षी जी काढायला निविदा निघते, तीच जलपर्णी.

तिरकस:
ताई, चूक झाली. धागा संपादित करता येत नाहीये.

निवृत्त मास्तर:
जलपर्णीवरून आठवलं, आमच्या तळ्यात