उगवतीला बलूनमधून जुने अवशेष पाहिलेत का? अनुभव सांगा

तुळसवृंदावन:
आज सकाळी लेकीला क्लासला सोडून येताना गोकुळपेठेत तर्रीपोह्याच्या ठेल्यावर थांबले. धुकं, अंगावर शाल, अजून नीट उजाडलेलंही नव्हतं. ठेल्यावरच्या दादांनी मोठी शेगडी पेटवली. भक् करून ज्योत वर आली, तोंडावर ऊब लागली आणि मी थेट इजिप्तच्या लक्झरला पोचले. पोहे हातातच राहिले.

सहा वर्षं झाली. मी आणि माझी आत्या. आत्या तेव्हा ६८ची, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली. लहानपणी कुठल्याशा मासिकात तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा पाहिला, तेव्हापासून इजिप्त तिच्या डोक्यात होतं. स्वतःच्या पैशांनी गेली आणि मला सोबत नेलं.

हॉटेल नीलच्या पूर्व काठावर आणि बलून उडतात पश्चिम काठावरून. त्यामुळे अंधारातच मोटरबोटीने नदी ओलांडायची. पलीकडे शेतात कापडाचे लांबच लांब ढीग आडवे पडलेले. आधी मोठ्या पंख्याने साधी हवा भरतात, मग बर्नर. ज्योत पेटली की अख्खा बलून आकाशकंदिलासारखा उजळायचा, विझली की पुन्हा अंधार. असे दहा-बारा कंदील, कधी हा पेटतोय, कधी तो. वेताच्या टोपलीला दार नसतं, बाजूच्या खाचांत पाय देऊन चढावं लागतं. आत्याच्या गुडघ्यांचं मला टेन्शन होतं, पण दोन पोरांनी 'यल्ला मामा' (चला आई) करत तिला अलगद आत घेतलं.

वर गेलो ते कळलंच नाही. वारा लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो. बर्नर बंद झाला की खालचं सगळं ऐकू येतं: कुत्री, कोंबडे, गाढव, कुठूनतरी अजान.

मग सूर्य नदीपलीकडून, कर्नाकच्या मंदिराच्या बाजूने वर आला आणि समोरचे डोंगर गुलाबी झाले. त्यांच्या पायथ्याशी हत्शेपसुत राणीचं तीन मजली ओट्यांचं मंदिर. अलीकडे रामेसियमचं मंदिर, मेदिनेत हाबूच्या मंदिराच्या विटांच्या भिंती आणि शेताच्या कडेला मेम्नॉनचे दोन पुतळे. जमिनीवरून पाहिले तेव्हा १८ मीटरचे ते पुतळे मान दुखवतात, वरून शाळेच्या बाकावर शेजारी बसलेली दोन पोरं वाटतात. पण माझ्या मनात राहिली ती एक रेघ. ऊस, गहू, सगळं हिरवंगार, आणि एका जागी ते संपतं. हळूहळू विरळ होत नाही, संपतंच. एक पाऊल उसात, दुसरं वाळूत. नीलचं पाणी जिथवर पोचतं तिथवर माणसं, त्यापुढे राजांची थडगी.

मी मंदिरांचे फोटो काढत होते आणि आत्या उलट्या बाजूला, गावाकडे बघत होती. बलून खाली यायला लागला होता, घरांच्या गच्च्या अगदी जवळ. आत्या माझा दंड धरून म्हणाली, "अगं पोरी, ती बघ, पापड वाळत घालून राहिली!" खरंच, एक बाई गच्चीवर गोल गोल काहीतरी मांडत होती. तिने वर बघून हात केला. आत्या दोन्ही हात हलवत होती, सारखी, ती गच्ची मागे जाईपर्यंत.

तुमचंही येऊ द्या. कुठलंही बलून, कुठलेही अवशेष.

बर्डीकर:
तो भक् आवाज!! आम्ही तुर्कस्तानात कपादोकियाला. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, त्यात कोरलेली चर्चेस, घरं, कबुतरांची खुराडीसुद्धा. आमच्या पायलटने टोपली दरीत इतकी खाली नेली की जर्दाळूच्या झाडाचा शेंडा हाताला लागला. बायको अजूनही तेच सांगते, चर्चेसचं काही नाही. बाकी नंतर लिहितो, दुकान उघडायचं आहे.

सावजीप्रेमी:
ताई, गोकुळपेठेतला कोणता ठेला? बाजाराच्या आतला का बाहेरचा?

तुळसवृंदावन:
बाहेरचा, औषधाच्या दुकानासमोरचा. आठच्या आत जा.

खापरखेडा_शिफ्ट:
नाईट करून आत्ताच घरी आलो, झोपायच्या आधी लिहितो. मी वीज केंद्रात बॉयलरवर आहे, म्हणून बलूनमध्ये बसलो तेव्हा (आमचं पण लक्झरच, २०२२) मी खाली कमी आणि वर बर्नरकडे जास्त पाहिलं. प्रोपेन असतो, तो आधी ज्योतीतल्याच नळीच्या वेटोळ्यात तापून वायू होतो आणि मग पेटतो, म्हणून एवढी मोठी ज्योत. आतली हवा १०० अंशांच्या आसपास. बाहेरची हवा जितकी थंड तितकं बलून सहज उचललं जातं, म्हणून हिवाळ्यातली पहाट उत्तम. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत तेच बलून निम्मी माणसंही घेऊन उठलं नसतं.

पायलटच्या हातात फक्त वर आणि खाली. वर जायला ज्योत, खाली यायला माथ्यावरची झडप दोरीने उघडायची. डावीकडे-उजवीकडे काही नाही! पण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला असतो. आमचा पायलट थोडं वर, थोडं खाली करत बरोबर हव्या त्या थरात बसवायचा. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. ऊन चढलं की जमीन तापून हवेचे लोट उठतात, मग हे जमत नाही. त्याच्या आत उतरायचं.

उमरेडची_लेक:
ताई भीती नाही वाटली? लक्झरलाच २०१३ मध्ये बलूनला आग लागून १९ जण गेले होते न. माझे मिस्टर मागे लागले आहेत, मी तेच सांगून थांबवून राहिले.

तुळसवृंदावन:
वाटली. आदल्या रात्री आत्यालाही सांगितलं. ती म्हणाली, सकाळी वारा असेल तर नाही जायचं, नसेल तर जायचं, आता झोप. तिथे हवा बघूनच परवानगी मिळते. चढायच्या आधी उतरताना कसं बसायचं ते करून घेतात: पाठ टोपलीला टेकवायची, गुडघे वाकवायचे, आतल्या दोऱ्या घट्ट धरायच्या. आम्ही दोनदा आपटून तिसऱ्यांदा थांबलो. तुझी भीती खोटी नाही गं. मन तयार नसेल तर नको जाऊस, मेम्नॉनपाशी उभं राहून खालूनही सुंदर दिसतं.

हिंगणारोड:
खालून सुंदर दिसतं हे मी सांगू शकतो. तीन दिवस, तीन पहाटा. पहिल्या दिवशी वारा. दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी नदी ओलांडली, शेतात पोचलो, चहा झाला आणि मग लाल झेंडी. मुलगा नऊ वर्षांचा, तो रडलाच. पैसे परत द्यायला त्या कंपनीने दोन महिने लावले, त्याचा राग आहे. उडवलं नाही याचा अजिबात नाही.

चौथ्या दिवशी परतीची गाडी. सकाळी हॉटेलच्या गच्चीवरून पाहतो तर पलीकडे सगळे बलून आकाशात. मुलगा मोजत होता. एकवीस.

उमरेडची_लेक:
अरे देवा. लेकराला पुन्हा न्या हो दादा.

निळीपहाट:
आमचं बागान, म्यानमार. जानेवारी २०१९. आईला घेऊन गेले होते.

आई रोज सकाळी दीक्षाभूमीला जाणारी. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, तेव्हापासून आमच्या घरात ब्रह्मदेश हे नाव आदराने घेतलं जातं. आई म्हणायची एकदा ती भूमी बघायची.

बागानला दोन हजारांवर विहार आणि स्तूप आहेत, बहुतेक अकराव्या ते तेराव्या शतकातले. आकडा वाचून काही कळत नाही. वर गेल्यावर धुक्यातून विटांचे लाल शेंडे एकेक करून वर यायला लागले. इकडे दहा, तिकडे वीस, मग मोजणं सुटलं. मागे इरावती नदी. आनंद विहाराचा सोनेरी कळस उन्हात आला तेव्हा आईने हात जोडले आणि हळू आवाजात बुद्धं सरणं गच्छामि सुरू केलं. टोपलीत जर्मन, जपानी, कोण कोण होते, सगळे गप्प झाले. पायलटने तेवढा वेळ बर्नरला हात लावला नाही. आम्ही थोडे खाली आलो, पण त्याने आईला पूर्ण म्हणू दिलं.

२०१६ च्या भूकंपात शेकडो वास्तूंचं नुकसान झालेलं, बऱ्याच शेंड्यांना बांबूच्या परांच्या बांधलेल्या होत्या. वरून त्या जखमेवरच्या पट्ट्यांसारख्या दिसत होत्या. आम्ही आलो त्याच वर्षी युनेस्कोच्या यादीत बागानचं नाव आलं. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथे जे चाललंय ते वाचवत नाही. आमचा टांगेवाला फार भला माणूस होता, आई अजून त्याची आठवण काढते.

कळमन्याचा:
निळीपहाट ताई, आईंना नमस्कार सांगा. डोळे भरून आले.

पेंचवारा:
सगळे परदेशात जाऊन राहिले, मले आपल्या जुनापाणीचं वाटते. काटोल रोडनं अर्धा-पाऊण तास. शेकडो शिळावर्तुळं आहेत बाप्पा, लोखंड वापरणाऱ्या महापाषाण काळातल्या लोकांनी दफनावर मांडलेली. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथी खोदकाम केलं होतं. काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरले आहेत. जमिनीवर उभं राहिलं तर झुडपात नुसते दगड दिसतात, लोकं म्हणतात यात काय पाहायचं? ते वरूनच पाहायची गोष्ट आहे! तसंच मनसर. हिडिंबा टेकडीवरचं वाकाटकांचं विटांचं बांधकाम, पलीकडे रामटेक, मधात तलाव. डिसेंबरच्या पहाटे एक बलून सोडा तिथून. मी पहिल्या रांगेत.

बर्डीकर:
जुनापाणीला मी चाळीस वर्षं नागपुरात राहून गेलेलो नाही. रविवारी कोण येता?

पेंचवारा:
मी येतो न. सहाला निघू. पाणी आपापलं.

गिरणीवाल्यांचा_नातू:
लक्झरला वरून एक गोष्ट पाहिली, ती कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. डोंगरांच्या घळीत देर अल-मदिना म्हणून वस्ती आहे. राजांची थडगी कोरणारे, रंगवणारे कारागीर तिथे राहायचे. वरून मधोमध एक बोळ आणि दोन्ही बाजूंना एकाला एक लागून खोल्या दिसतात. घराघराच्या भिंतींचा पायाच उरलाय. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साचेवाले होते, त्यांची चाळ वरून अशीच दिसली असती.

तिसऱ्या रामसेस राजाच्या काळात या लोकांचं धान्य थकलं, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. लिखित इतिहासातला हा पहिला संप मानतात, तीन हजार वर्षांपेक्षा जुना. भुकेले आहोत, तहानलेले आहोत, असं त्यांचं म्हणणं पपायरसवर लिहून ठेवलेलं आहे. टोपलीतले बाकी सगळे राणीच्या मंदिराकडे वळले होते. मी त्या बोळाकडे पाहत राहिलो. आजोबा असते तर त्यांना सांगितलं असतं.

सावजीप्रेमी:
दादा, माझेही आजोबा एम्प्रेसमध्ये होते! कोणत्या खात्यात? व्यक्तिगत लिहितो.

वाळवंटी_पाऊस:
तुळसवृंदावन, आत्याबाईंचे पापड वाचून हसू आलं आणि मग एकदम लक्षात आलं. मी चार वर्षं कैरोत नोकरीला होतो, कामासाठी दक्षिणेकडे जाणं व्हायचं. ते पापड नव्हते, भाकरी होत्या! ऐश शम्सी म्हणतात, म्हणजे उन्हाची भाकरी. तिकडच्या खेड्यांतली खासियत. आंबवलेल्या पिठाचे जाड गोळे गोल ताटल्यांवर मांडून गच्चीवर उन्हात फुगायला ठेवतात आणि मग मातीच्या भट्टीत भाजतात. 'ऐश' या शब्दाचा अर्थ भाकरीही होतो आणि जगणंही. बाहेरून कडक, आतून जाळीदार. गरम असताना मधाबरोबर खाल्ली आहे, चव अजून जिभेवर आहे.

तुळसवृंदावन:
दादा, तुम्ही काय दिलंत तुम्हाला कल्पना नाही. सहा वर्षं आम्ही 'इजिप्तच्या पापडवाल्या बाई' म्हणतोय!

आत्ता आत्याला फोन केला, ती नागपुरातच महाल भागात राहते. आधी वाटलं तिला वाईट वाटेल. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे ती सकाळचा स्वयंपाक करून राहिली होती. आणि पीठ टाकून आपल्याकडे पाहत उभी राहिली." आता तिने विचारलंय, पीठ किती वेळ उन्हात ठेवतात, आणि आपल्याकडच्या उन्हात चालेल का?

वाळवंटी_पाऊस:
पीठ फुगून दुप्पट होईपर्यंत. मेमध्ये नको, वरून लगेच कडक होईल. फेब्रुवारीतलं सकाळचं ऊन बरोबर. भट्टी नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून बघा, आमच्या घरी तसंच करतो.

तुळसवृंदावन:
आत्या म्हणतेय तिच्या गच्चीवर येत्या रविवारीच.

बर्डीकर:
रविवारी तर जुनापाणी आहे.

पेंचवारा:
दहापर्यंत परत येतो हो. चार भाकरी ठेवा म्हणा आत्याबाईंना.